शेजाऱ्याला न जमलेलं वायफाय

“भावजी, आज तरी होईल का हो?”

निशिगंधानं विचारलं, आणि उदयसिंहाच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. प्रश्न साधाच होता. पण तो ती शेजारच्या विश्वजितला विचारत होती, आणि तिच्या आवाजात असलं आर्जव होतं, की लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ते उदयसिंहाच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

विश्वजित समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचा, पॉलिटेक्निकला कॉम्प्युटर शिकवायचा. निशिगंधाच्या भावानं आपला जुना लॅपटॉप तिला दिला होता. त्यावर विंडोज नुसतं रांगायचं, म्हणून विश्वजितनं ते काढून लिनक्स टाकून दिलं. लॅपटॉप पळायला लागला. वायफाय मात्र काही केल्या लागेना. तेव्हापासून विश्वजित रोज संध्याकाळी यायचा, काळ्या पडद्यावर काहीबाही टाइप करायचा आणि मान हलवायचा.

“न्हाय वहिनी. वायफायचं कार्ड लई जुनं हाय. त्याचा ड्रायव्हरच मिळंना.”

“उद्या परत बघा की.”

“बघू की,” तो म्हणायचा आणि चहाचा कप उचलायचा. त्या चहात आलं असायचं. उदयसिंहाच्या चहात ते कधी असायचं, कधी नसायचं.

उदयसिंह सगळं टिपत होता. विश्वजितची यायची वेळ झाली, की निशिगंधा दाराकडं बघायची. उदयसिंह खोलीत आला, की दोघं बोलता बोलता गप्प व्हायची. आणि विश्वजित त्याच्या नजरेला नजर द्यायचा नाही.

“कशाला पाहिजे तुला लॅपटॉप? मोबाईल हाय की,” त्यानं एकदा विचारलं.

“मोठ्या पडद्यावर बरं दिसतं,” ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

उदयसिंहाचा हा जळका स्वभाव आजचा नव्हता. निशिगंधा पूर्वी शाळेत गणित शिकवायची. एकदा पावसात एका सरांनी तिला गाडीवरून घरी सोडलं, तर यानं तिची नोकरीच सोडायला लावली. शेजारणी जोतिबाला निघाल्या, की हिला घरीच थांबावं लागायचं. मंडईला गेली, की पोचल्याचा आणि निघाल्याचा फोन करावा लागायचा. याला तो काळजी म्हणायचा.

पण विश्वजितला दारातून हाकलायचं, तर कारण काय सांगायचं? अख्ख्या बिल्डिंगमध्ये बोभाटा झाला असता. शेवटी त्यानं ठरवलं, की हे वायफाय आपणच लावायचं. म्हणजे त्या माणसाला या घरात यायला काही निमित्तच उरणार नाही.

शाहूपुरीत त्याचं पंपाच्या सुट्ट्या भागांचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं, की तो कानात इअरफोन घालून व्हिडिओ बघायला लागला. आधी काही कळेना. मग हळूहळू उमजलं. कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, इंटरनेटवरून उतरवायचा होता, आणि वायफाय नाही म्हणून लॅपटॉपला इंटरनेट नव्हतं. घोळ एवढाच. त्यावर तोडगाही तसाच होता. मोबाईल चार्जिंगच्या वायरीनं लॅपटॉपला जोडायचा, मोबाईलचं नेट त्याला द्यायचं, ड्रायव्हर उतरवून घ्यायचा. संपलं.

“पावणं, वायसर देताय न्हवं?” काउंटरपलीकडून कुणीतरी ओरडलं. उदयसिंहाचं लक्षच नव्हतं.

एवढी सोपी गोष्ट कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला ठाऊक नाही? त्याला ठाऊक होती. रोज या घरात यायला मिळावं, म्हणून तो मुद्दाम वायफाय लावून देत नव्हता.

रविवारी जेवणं झाल्यावर त्यानं लॅपटॉप पुढ्यात ओढला.

“तुम्ही?” निशिगंधा दारातच थांबली.

“मीच. का, मला हात न्हाईत?”

लॅपटॉपचा पासवर्ड तिनं टाकून दिला. त्यानं मोबाईल वायरीनं जोडला. व्हिडिओत बघून लिहून घेतलेली ओळ एका बोटानं टाइप केली. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा पडद्यावर अक्षरं भराभर वर सरकायला लागली. लॅपटॉप बंद करून परत चालू केला, तर कोपऱ्यात आधी शेजाऱ्यांच्या वायफायची नावं उगवली आणि मग घरचं.

निशिगंधानं तोंडावर हात धरला. तिचे डोळे भरून आले.

“मला वाटलंच नव्हतं,” ती म्हणाली, “की तुम्ही हे करून द्याल.”

तिनं त्याचा हात हातात घेतला. किती वर्षांनी! उदयसिंहाला वाटलं, उगाच आपण एवढे दिवस जळत बसलो. हे आधीच करायला पाहिजे होतं.

“मी जरा आत बसू? दार लावून घेते. टीव्हीचा आवाज तेवढा नको.”

“बस की. तुझाच हाय लॅपटॉप.”

तो टीव्ही बंद करून सोफ्यावर ऐसपैस बसला. आतून तिचा आवाज अधूनमधून येत होता. नीटनेटका, ठाम, पूर्वी शाळेतून आल्यावर असायचा तसा.

बेल वाजली. दारात विश्वजित होता. उदयसिंह चौकटीला हात टेकून उभा राहिला.

“या घरात आता तुमचं काम न्हाय, सर. वायफाय लागलं. मी लावलं.”

विश्वजितचा चेहरा उतरला. “लागलं? कधी?”

“आत्ताच. मोबाईलची वायर जोडली, झालं. आता खरं सांगा. एवढं तुम्हाला येत न्हवतं व्हय? तुम्ही मुद्दाम लावत न्हवता.”

“मुद्दामच लावत न्हवतो, उदयदादा.” विश्वजितनं त्याच्या खांद्यावरून आतल्या बंद दाराकडं बघितलं. “वहिनींनी पहिल्याच दिवशी मला सांगितलेलं. हैदराबादच्या एका शाळेची मुलाखत हाय, ती लॅपटॉपवरनंच द्यायची, आणि त्याला आजचाच दिवस. नोकरी मिळाली, की त्या तुम्हाला सोडून जाणार हायत. म्हटलं, आजचा एक दिवस टळला, तर तुमचं घर वाचंल.”