वाकडी पाकळी

"अशी बघू नकोस माझ्याकडे. कुठली माझी, ते नाही सांगणार मी," कलावतीबाई म्हणाल्या. काठोकाठ भरलेला चहाचा कप त्यांनी गर्दीतून हेमापर्यंत आणला होता. बशीत थेंबही सांडला नव्हता.

पडद्यापलीकडे शाळेच्या सभागृहात दोन रांगोळ्या तयार होत्या. एक बाईंची, एक सौमित्रच्या यंत्राची. नमुना दोघांना एकच दिलेला. हेमाने निवडलेली जिंकणार, आणि यापुढे पाडव्याला डोंबिवलीच्या शोभायात्रेचा चौक जिंकणाऱ्याचा, असं मंडळाने जाहीर केलं होतं. पंचवीस वर्षं तो चौक बाईंचा होता.

हेमा ठाण्याला कलामहाविद्यालयात शिकवायची. तिच्या चिमटीत पहिली रांगोळी बाईंनीच दिली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी परीक्षक म्हणून तिचं नाव सुचवलं सौमित्रनेच. सॉफ्टवेअरवाला असला तरी पोरगा उद्धट नव्हता. यंत्राला शिकवायला वर्षभर तो बायकांच्या दारात उकिडवा बसून रांगोळ्यांचे फोटो काढत होता, तेही प्रत्येकीला आधी विचारून.

"मॅडम, एकच रिक्वेस्ट आहे," तो म्हणाला. "बाईंना शोधू नका. रांगोळी बघून काय ते ठरवा."

"रांगोळीच बघणार आहे मी."

हे साफ खोटं होतं. बाईंचा हात ओळखायचा आणि त्यालाच जिंकवायचं, हे ती रिक्षातच ठरवून आली होती. बारा वर्षांत तिने बाईंची रांगोळी पाहिली नव्हती, पण माणसाचा हात थोडाच लपतो?

पडद्याआड गेल्यावर पहिल्या रांगोळीपाशी ती थबकलीच. वीस फुटांची वेल, एका दमात ओढलेली. रेघ कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. निळ्याचा जांभळा कधी झाला, कळतसुद्धा नव्हतं. तिच्या अंगावर काटा आला. इतकं सुंदर काही तिने आजवर पाहिलं नव्हतं आणि नेमका त्याचाच तिला राग आला. माणसाच्या हातून असं होत नाही.

दुसरी वेलही देखणी होती. पण एक पाकळी जराशी वाकडी होती आणि एका वळणावर रेघ थरथरली होती. बाई आता त्र्याहत्तरच्या. ओणवं बसून किती दुखलं असेल त्यांना!

पडदा सरला. समोर शंभरेक माणसं उभी होती.

"दोन नंबरची," हेमा खणखणीत आवाजात म्हणाली. "या वाकड्या पाकळीत माणूस आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सौमित्र मान खाली घालून उभा होता. हेमाला त्याची जरा दयाच आली.

कलावतीबाई सावकाश त्याच्यापाशी गेल्या आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"चौकात तुझं यंत्र उतरवशील ना, तेव्हा ती पाकळी अशीच ठेव हो," त्या म्हणाल्या. "हेमाला आवडलीय."