वाकडी तुळस

"डोये तेवढे झाक बाई. मंग कोन ओयखते मले?"

बावीस वर्षांपूर्वी, अमरावतीजवळच्या एका फुलमळ्यातल्या ओट्यावर, मोगऱ्याच्या कळ्यांच्या ढिगामागून आलेला हा आवाज. बोलणारीच्या हातांवर कोड उतरलं होतं. कातडीचा रंग निघून गेला होता, पण मनगटावर गोंदलेली तुळस जिथल्या तिथे होती. पांढऱ्यावर उलट जास्तच हिरवी. गोंदताना सुई चुकली असावी. तुळस एका अंगाला कललेली. तेव्हा डॉक्टरकी शिकत असलेल्या वर्षालीने फोटो काढला. डोळ्यांवर काळी पट्टी ओढली. दिलेला शब्द पाळला.

आज अकोल्यात, त्वचारोग परिषदेच्या आचारसमितीत अध्यक्ष म्हणून बसलेल्या वर्षालीच्या कानात तोच आवाज घुमत होता.

समोर टेबलावर पोस्टर पसरलं होतं, तिची विद्यार्थिनी आकांक्षा हिचं. एका बाईने दोन्ही हात पुढे धरलेले. डोळ्यांवर काळी पट्टी. हातांवर पांढरे डाग, आणि डाव्या हातावर गोंदलेला एका पायाचा मोर. ती बाई म्हणजे बार्शीटाकळीकडच्या वच्छलाबाई. त्यांचा मुलगा देवानंद टेबलापलीकडे उभा होता. खुर्ची दिली तरी बसला नव्हता.

पोस्टर काल लागलं. वर पाटी होती, 'फोटो काढू नयेत'. पाटीखाली उभं राहूनच कुणीतरी फोटो काढला. संध्याकाळी तो पातूरला पोचला. सकाळी पातूरच्या सोयऱ्यांनी देवानंदच्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं. फोनवरच.

"नाव नाही, गाव नाही, डोळे झाकलेले," समितीतले वयस्कर डॉक्टर भगवंतराव समजावत होते. "संमतीच्या कागदावर तुमच्या आईचा अंगठा आहे. सगळं नियमात बसतं, भाऊ."

"नेम तुमचा, डॉक्टरसाब." देवानंदचा आवाज चढला नाही. "पन आमच्या गावात बायांचं तोंड पदरात ऱ्हायते. पानी भरताना, वावरात निंदताना, पंगतीत वाढताना लोकं हातच पाह्यते. जे कोनी पाह्यलंच नोतं ते तुमी झाकलं. अन् साऱ्या गावानं पाह्यलेलं मोकयं सोडलं."

आकांक्षा इतका वेळ खाली बघत होती. तिने पिशवीतून विभागाची पुस्तिका काढली आणि एक पान उघडून टेबलावर ठेवलं. "मॅडम, मी यात पाहूनच पट्टी लावली."

पानावर शीर्षक होतं, 'रुग्णाची ओळख अशी झाकावी'. खाली नमुन्याचा फोटो. डोळ्यांवर पट्टी, मांडीवर ठेवलेले दोन पांढरे हात. वर्षालीच्या सरांनी तो आधी आपल्या ग्रंथात छापला, मग नमुना म्हणून पुस्तिकेत घेतला. दरवर्षी नवी मुलं यायची, तेच पान उघडायची. वर्षाली ते पान पटकन उलटून पुढे शिकवायची. फोटो काढून टाका म्हणायचं, तर कारण सांगावं लागलं असतं.

भगवंतरावांनी एक कागद तिच्याकडे सरकवला. "पोरीवर तीन वर्षं बंदी. परिषद नाही, पेपर नाही. परिषदेचं नाव राहतं आणि यांचंही समाधान होतं. सही करा, मॅडम."

तीन वर्षांत आकांक्षाची पदवी बुडाली असती. तिने मान वर केली नाही. फक्त बोटाभोवती ओढणी गुंडाळत राहिली.

वर्षालीचा फोन थरथरला. पौर्णिमा. तिची धाकटी बहीण. रोज एक वाजता तिचा फोन यायचाच, डबा खाल्ला का म्हणून. पौर्णिमाचंही लग्न एकदा ठरलं होतं. हळद कांडून झाली होती. सोयऱ्यांना भेटायला वर्षालीच गेली, आणि परत येऊन म्हणाली, "नाही म्हणतात. कारण सांगत नाहीत." पुन्हा कुठे जमलं नाही. आता त्रेचाळीस वर्षांची पौर्णिमा बहिणीचा डबा भरते, मोगऱ्याला पाणी घालते.

वर्षालीने फोन कापला.

देवानंदने पुस्तिका स्वतःकडे ओढून घेतली. पान डोळ्यांजवळ नेलं. मग त्याचं जाडं बोट फोटोतल्या मनगटावर थांबलं.

"ही तुयस पाहा. वाकडी हाय. अशी साऱ्या मुलखात एखादीच असन." तो वर्षालीकडे वळला. "हे बी कोनाची तरी माय असन, म्याडम. हिच्याबी घरी लगनाची पोरगी असन. तिचं काय झालं, इचारलं काय कोनी?"

वर पंखा कुरकुरत होता.

वर्षालीने पेन उघडलं. कागदावरचं आकांक्षाचं नाव खोडलं. त्याच्या वर, नीट अक्षरात, स्वतःचं लिहिलं. भगवंतराव खुर्चीतून अर्धे उठले. "मॅडम, हे काय करताय?"

फोन पुन्हा थरथरला. या वेळी तिने तो उचलला, सगळ्यांसमोर. खोली इतकी शांत होती की पलीकडचं बोलणं देवानंदलाही ऐकू गेलं.

"काहून कापला वं ताई? जेवली का नाई? भाजीत मीठ कमी पडलं काय?"

बावीस वर्षं वर्षाली पुस्तकी मराठी बोलत आली होती. आता तोंडून घरचीच बोली निघाली.

"पौर्णिमा, तुह्यं लगन काहून मोडलं, मले त्याच दिशी मालूम होतं. सोयऱ्यांनी सरांचं पुस्तक मह्यापुढं उघडून ठेवलं होतं. त्यातला आपल्या मायचा फोटो म्या काढला होता."