पुढची ओळ

“ओडेल, हा श्वास लमॉन्टचा आहे. मेलेल्या दोस्ताची ढब चोरतोस, लाज वाटते का?” रेकॉर्डिंग करणाऱ्या व्हर्नाने टेप थांबवली. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये रॅपरला चोर म्हणणं थोबाडीत मारण्यापेक्षा वाईट. “आईशप्पथ, मी श्वास घेतलाच नाही!” “मग तोंड दाबून उभा राहा, लेका.” तिने नुसता ठेका वाजवला; ओडेलने नाकतोंड घट्ट दाबलं. तरी टेपवर तोच दमेकरी श्वास उमटला. जोडीने रॅप करताना लमॉन्ट असाच श्वास ओढायचा, म्हणजे ‘थांब, पुढची ओळ माझी.’ ओडेल कधीच थांबला नव्हता. त्याने खिशात जपलेला लमॉन्टचा दम्याचा पंप माइकसमोर ठेवला आणि काचेबाहेर व्हर्नाशेजारी येऊन बसला. “आता म्हणणार कोण, तुझा आजा?” “तू ठेका लाव, बाई.” काचेपलीकडे पंप फुसफुसला आणि व्हर्नासमोरचा आवाज मोजणारा काटा थरथरला. ओडेलने आपली ओळ ओठांतच धरून ठेवली.