गुंडेरावाचं पथ्य

पहिल्याच घासाला गुंडेरावानं ताट सरकवलं.

"माय, उद्यापासून वांगं बंद. शेंगाची चटणी बंद, लोणचंबी बंद."

"कामून रे?"

"इसब झालंय मांडीला. गुलबर्ग्याच्या हकिमानं पथ्य सांगितलंय."

चंद्रभागाबाई वाढता वाढता थांबल्या. एकुलता एक लेक. त्यात मांडीला म्हटल्यावर बघायचीही सोय नाही.

"गड्याचं पथ्यावर भागतंय बाबा," त्या म्हणाल्या. "भीमण्णाच्या सुनेला इसब झालं, तर माहेरी धाडली. मी तरी असली सून घरात ठेवली असती व्हय?"

गुंडेराव हात धुवायला उठला. त्याची बायको सुशीला चुलीपुढं खाली मान घालून भाकरी थापत राहिली.

निजामाचं फर्मान परवडलं, चंद्रभागाबाईंचं नाही. दुसऱ्या दिवसापासून घरात मूग, पडवळ, दुधीभोपळा, वर साजूक तूप. हे सगळं लेकासाठी. सुनेसाठी निराळं रांधायची त्या घरात रीत नव्हती. नवरा उठला की बायकोनं त्याच्याच ताटावर बसायचं.

लेक मात्र दोन-चार घास खाऊन उठे. ताट जवळजवळ भरलेलंच राही.

"सुशे, टाकू नगं. तूप हाय त्यात," म्हणत सासूबाई सुनेला ते पुरतं संपवायला लावीत.

एकदा शेजारचे शरणप्पा गुलबर्ग्याच्या बाजारात तूर घालून आले आणि ओसरीवर बसून हसू लागले.

"अक्का, तुमचा गुंडेराव खानावळीत वांग्यावर आडवा हात मारायलाय की."

चंद्रभागाबाईंना रडूच आलं. लेक घरात येताच त्यांनी त्याला धरलं. "मी हितं हात भाजून घ्यायले, अन् तू तिथं वांगी खायलास? इसब कसं जाणार रे?"

"चुकलं, माय. पर घरचं पथ्य तेवढं चालू ठेव."

त्यांनी अबोला धरला. मूग शिजवायचा मात्र थांबवला नाही, आईची जात.

सुगी सरली. एका दुपारी त्यांना राहवेना.

"गेलं का रे इसब? का हाय तसंच हाय?"

"थांब, बघून सांगतो."

गुंडेराव आतल्या खोलीत गेला, दार लोटलं, सुशीलाच्या चोळीची बाही कोपराच्या वर सारली आणि तिथूनच हाक दिली, "गेलं, माय."