सदाचा फोटो

“उजेड लई झालाय,” नीराबाई बाकावरून म्हणाली. “येवढा उजेड सदाच्या तोंडावर कदी नव्हता.”

मनुबाईने काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं. कॅमेऱ्यासमोर स्टुलावर भिकू बसला होता आणि फोटो हवा होता सदाचा. सदा त्याचा थोरला भाऊ. छप्पन्न सालच्या कार्तिकात वादळ झालं, त्यात दोघांची होडी उलटली आणि एकटा भिकूच रेवदंड्याच्या किनाऱ्याला लागला. सदाचं काहीच हाती आलं नाही, अगदी टोपीसुद्धा. जिवंतपणी त्याचा फोटो काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. आता सोमवारी वर्षश्राद्ध, आणि पाटावर सदाचं तोंड दिसलंच पाहिजे असा त्यांच्या म्हाताऱ्या आईने, नीराबाईने हट्ट धरला होता. दोघांचा तोंडावळा एक, म्हणून धाकट्याला बसवलं होतं.

अलिबागेतल्या या स्टुडिओत असे फोटो पूर्वीही निघाले होते. मेलेल्या बापाच्या जागी मुलगा बसायचा, त्याचा कोट चढवून, आणि घरचे त्याच फोटोला हार घालायचे. मनुबाईच्या नवऱ्याच्या, दयारामच्या हातचा तो मळ होता. पण गेल्या होळीला दयारामची उजवी बाजू लुळी पडली, आणि तेव्हापासून तो आतल्या खाटेवर पडून बायकोला शिकवत होता.

“अगं, वरचा पडदा किती उघडलायस?” आतून आवाज आला.

“अर्धा.”

“अर्धा! लग्नाचा फोटो काढतेयस का? ओढ तो. डावीकडूनच येऊ दे.”

मनुबाईने काठीने काचेच्या छपराखालचा पडदा ओढला. समोरून उजेड पडला की चेहरा थापलेल्या भाकरीसारखा सपाट दिसतो, बाजूने पडला की हाडं बोलायला लागतात, एवढं तिला सात-आठ महिन्यांत कळलं होतं. पण नुसत्या उजेडाने एका माणसाचा दुसरा करायचा? चुकलं तर ही माउली जन्मभर परक्याच तोंडाला हात जोडत बसणार.

“सदा कसा होता हो?” तिने विचारलं.

“घुमा,” नीराबाई म्हणाली. “भिकू माझा हसरा. कोळीवाड्यात कुनाचं बी लगीन असू दे, नाचायला भिकू पुढं. सदा आपला कोपऱ्यात जाळं विनत. मी बी भिकूचंच कौतुक केलं. खोटं कशाला बोलू?”

भिकू खाली बघत होता. मनुबाईला तो काही हसरा वाटला नाही. सख्खा भाऊ गेल्यावर कोण हसेल म्हणा.

“आये, तू भायेर बस,” तो म्हणाला. “तुला उजेड सोसत न्हाय.”

“मोतीबिंदूला कसला उजेड न् कसला काळोख! बसते मी हितंच.” मग ती मनुबाईकडे वळली. “त्या दिशी किनाऱ्यावर मी ह्याच्या गळ्यात पडले. म्हटलं, माझा भिकू वाचला गं बाय! ह्यो काय बोललाच न्हाय. तवापासून कमीच बोलतो बघ.”

भिकू स्टुलावर चुळबुळला. “काढा ना फोटो, बाई. एस.टी. जाईल आमची.”

मनुबाईने उजव्या बाजूला मांजरपाटाची पांढरी चादर धरून पाहिली. सावली पातळ झाली, चेहरा मऊ दिसायला लागला. नकोच ते. तिने चादर बाजूला टाकली. अर्धा चेहरा काळोखात गेला.

“आता सदा बसायचा तसे बसा,” ती म्हणाली.

भिकू बसला. पुढे काही सांगावंच लागलं नाही. खांदे खाली आले, हात गुडघ्यांमध्ये गेले, नजर समोर येऊन थांबली. मनुबाईच्या अंगावर काटा आला. स्टुलावर कुणी दुसराच माणूस बसला होता.

“अहो, जमलं!” ती ओरडली.

“उजेडाची करामत आहे ती!” आतून दयाराम खुशीत म्हणाला. “सांगत नव्हतो?”

तिने भिंगावरचं झाकण काढलं, तीन आकडे मोजले, परत लावलं.

नीराबाई उठली. चाचपडत स्टुलापाशी गेली आणि मुलाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघत राहिली. त्याने डोळे मिटून घेतले. त्याच्या सदऱ्याची कॉलर तेवढी तिने नीट केली.

शुक्रवारी दोघं फोटो न्यायला आली. मनुबाईने तीन प्रती बिघडवून चौथी ठेवली होती. भिकूने फोटोवर एक नजर टाकली, “बरा हाय,” म्हणाला, आणि टांगा बघायला निघून गेला. मनुबाई हिरमुसली. इतकं राबावं आणि नुसतं ‘बरा हाय’?

नीराबाईने फोटो दारातल्या उन्हात नेला, पार नाकाशी धरला.

“सदाच हाय,” ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. “माझं पोर. जसंच्या तसं.”

“ओळखलं का गं आईने?” आतून दयारामने विचारलं.

“ओळखलं हो!” मनुबाईचेही डोळे भरून आले होते. एवढा आनंद तिला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. तिने फोटो परत घेतला, पांढऱ्या शाईत टाक बुडवला आणि खालच्या काळ्या पुठ्ठ्यावर सावकाश अक्षरं काढायला घेतली.

“काय लिवतेस?”

“नाव लिहितेय. कैलासवासी सदा...”

म्हातारीने तिचं मनगट धरलं. रस्त्यावर टांगा येऊन थांबला होता. तिने आवाज अगदी खाली आणला.

“खोड ते. कैलासवासी झाला तो माझा भिकू. सदा टांगा घेऊन आलाय भायेर. त्याला सांगू नकोस बाय, मला कळलंय म्हनून.”