फिल्टरवरचा बाण

घाटात गिअरबॉक्सचं तेल तापतं म्हणून सर्जेरावांनी आपल्या ऑटोमॅटिक गाडीला तेल थंड करणारा कूलर आणि पाइपात फिल्टर बसवायचं ठरवलं. वाघोलीच्या गॅरेजात ते स्टूल टाकून मेकॅनिक अभिनवच्या उरावरच बसले होते, म्हणून तर उलटा लागलेला फिल्टर त्यांच्या नजरेतून सुटला नाही.

"अभिनव, त्याच्यावर बाण काय नक्षी म्हणून काढलाय? उलट्या बाजूनं तेल घुसवलंस की सगळं तुंबणार!"

अभिनवने ओशाळून फिल्टर सरळ बसवला.



बाहेर पडताच, पुढच्या यू-टर्नचा वळसा वाचवायला सर्जेरावांनी गाडी रस्त्यावरच्या बाणाच्या उलट घातली आणि समोरून येणाऱ्या बसवर हॉर्न दाबून धरला, "काय तुंबवून ठेवलाय रस्ता लेकाच्यांनी!"