बारीक अक्षरं

जनार्दन चाळीस वर्षं खाडीत प्रवाशांची लाँच चालवत आला होता. कॉम्प्युटरसमोर बसून तो बातमी वाचून दाखवत होता आणि त्याची बायको द्रौपदी कोळंबी सोलत ऐकत होती.

“ही तर काल रेडिओवर ऐकली,” ती म्हणाली.

“आज पण तीच आहे गो.”

हात पुसून, चष्मा लावून ती जवळ आली. हल्ली कॉम्प्युटरवरचा ब्राउझर, समोर बसलेल्याचे डोळे तपासून, अक्षरं किती मोठी दाखवायची ते स्वतःच ठरवी, त्यामुळे कोणाची नजर किती उरली हे स्क्रीनवरून कोणालाही कळे. जनार्दनसमोर विशीतल्या पोरासाठी असावीत तशी बारीक अक्षरं होती. कोपऱ्यात लिहिलं होतं, ‘रूप: हाताने ठरवलेले’.

“हे कधी केलंत?”

“शिमग्याच्या आधी. बारीक अक्षर बरं दिसतं.”

“कोणाला?”

तिने ‘आपोआप’वर क्लिक केलं. स्क्रीन काळी झाली आणि पिवळी अक्षरं फुगत फुगत वाटीएवढी झाली. अख्ख्या स्क्रीनवर एकच शब्द मावला.

“उद्याच्या पहिल्या फेरीला माणसं किती?” तिने विचारलं.

“साठ.”

जनार्दनने खिशातली लाँचची चावी काढून तिच्या हातात ठेवली.

“मालकाला फोन लाव. आणि अक्षर असंच मोठं राहू दे. आजची बातमी वाचतो.”